‘रॅम’च्या रिलेत पहिल्यांदा उतरताना: चौघांचा संघ, अकरा जणांचा क्रू आणि देणगीचा हिशेब

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत (‘रॅम’) दोघांच्या रिले गटातून पूर्ण केली. ही शर्यत पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ, आणि ते सायकल चालवत होते आदिवासी भागातल्या लोकांच्या दृष्टीसाठी. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक सायकल ग्रुपमध्ये कोणीतरी एकदा तरी म्हणतंच, ‘आपण चौघं जाऊया का?’

आम्ही गेलो. चार रायडर, अकरा जणांचा क्रू, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाणाऱ्या एका फिरत्या दवाखान्यासाठी निधी. मी क्रू चीफ होते. निघण्यापूर्वी ज्या गोष्टी आम्हाला कुणी सांगितल्या नाहीत, त्या इथे क्रमाने लिहिते आहे. सायकल कोणती घ्यावी, चाकं कोणती, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आमचा वेळ सायकलींपायी गेलाच नाही. तो गेला गाड्या, झोप, घड्याळं आणि कागदपत्रांपायी.

आधी एवढं समजून घ्या

ही शर्यत १९८२ मध्ये चार सायकलस्वारांनी सुरू केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून निघून पूर्व किनाऱ्यापर्यंत जायचं. अनेक वर्षं शेवट मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसला होता, अलीकडे तो अटलांटिक सिटीला नेला आहे. अंतर साधारण ४,८०० किलोमीटर. संघांना नऊ दिवसांची मुदत, आणि घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. रात्रीही नाही, पंक्चर झालं तरी नाही. म्हणजे सगळे थांबे धरून सरासरी ताशी २२ किलोमीटरच्या वर ठेवावी लागते. संघ दोघांचे, चौघांचे किंवा आठांचे असतात. एका वेळी एकच जण रस्त्यावर. एकट्याने जाणाऱ्याला पात्रता शर्यत पार करावी लागते, संघांना तशी अट नसते. तारखा, मार्ग आणि नियम दरवर्षी बदलतात, म्हणून नोंदणीआधी त्या वर्षाची नियमपुस्तिका पूर्ण वाचा. फक्त रायडरांनी नाही, क्रूमधल्या प्रत्येकाने.

१. संस्था आधी, संघ नंतर

बहुतेक जण आधी संघ जमवतात आणि निघायला चार महिने उरले की ‘कोणासाठी करायचं?’ असा प्रश्न काढतात. आम्हीही तेच केलं आणि पहिले दोन महिने वाया घालवले. संस्था आधी ठरवा, तिथे एकदा स्वतः जाऊन या. चौघा रायडरांनी दवाखान्याच्या गाडीबरोबर एक दिवस काढल्यावर आमच्या बोलण्यात जो फरक पडला, तो कुठल्याही पत्रकाने पडला नसता.

संस्थेकडे हे विचारा:

- धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, क्रमांक काय
- ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत देणारी, मान्यता आजही चालू आहे का
- परदेशी देणगीसाठी एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी आहे का
- पावती कोण देणार आणि किती दिवसांत

एफसीआरएचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण इथे भलेभले अडकतात. अमेरिकेत राहणारा तुमचा मावसभाऊ अजून भारतीय पासपोर्टवर असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती परदेशी देणगी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) कार्ड असलं तरी. अशी रक्कम एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाच, आणि तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जावी लागते. आमच्या एका रायडरच्या आत्याने प्रेमाने थेट त्याच्या खात्यात डॉलर पाठवले. ते परत पाठवताना फार वाईट वाटलं, पण दुसरा मार्ग नव्हता.

रोख देणगी २,००० रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर ८०जीची सवलत मिळत नाही, हेही देणगीदाराला आधीच सांगा.

२. दोन पैसे, दोन खाती

माझ्या लेखी ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. मोहिमेचा खर्च वेगळा, देणगी वेगळी. विमानाची तिकिटं, गाड्यांची भाडी, नोंदणी शुल्क हे सगळं रायडरांनी स्वतः किंवा प्रायोजकांनी उचलायचं. देणगीचा रुपया थेट संस्थेच्या खात्यात जायचा, संघातल्या कुणाच्याही हातून नाही.

लोक विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं: ‘मी दिलेल्या हजार रुपयांतून तुमचं विमानाचं तिकीट येणार का?’ या प्रश्नाला क्षणभरही न थांबता ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे. पत्रकावर ठळक अक्षरांत तसं लिहा. प्रायोजकाचे पैसे आले तर त्यांच्या पत्रात ‘मोहीम खर्चासाठी’ असे शब्द घालून घ्या. मोहिमेचा खर्च जमला नाही, तर देणगीला हात लावण्यापेक्षा एक वर्ष थांबा.

३. क्रू निवडताना

रायडर मिळतात. नऊ दिवस चिडचिड न करता गाडी चालवणारी माणसं मिळत नाहीत. आमची विभागणी अशी होती: रायडरांच्या दोन जोड्या, प्रत्येक जोडीला एक फॉलो कार (सायकलस्वारामागे राहणारी मदतीची गाडी) आणि तीन जणांचा क्रू. मोठ्या आरव्हीवर (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीवर) चौघं, त्यांत दोन चालक, एक स्वयंपाक सांभाळणारी आणि एक फिजिओ. वर मी.

क्रू निवडताना मी या गोष्टी बघेन:

- झोप तुटल्यावर माणूस कसा वागतो
- चुकलो हे लगेच सांगतो का
- अमेरिकेत किंवा रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवलेली आहे का

शेवटचा मुद्दा हलका समजू नका. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, आणि समोर ताशी २५ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार. शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी पोहोचा आणि प्रत्येक चालकाला दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळी, सरावासाठी बाहेर काढा.

दोन माणसं राखीव ठेवा. व्हिसा प्रत्येकाला स्वतंत्र मिळतो आणि एखादा नाकारला जाऊ शकतो.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट, पुरेशी मुदत शिल्लक असलेला
- अमेरिकेचा बी१/बी२ (व्यवसाय-पर्यटन) व्हिसा. डीएस-१६० अर्ज भरून मुंबईतल्या वांद्रे-कुर्ला संकुलात मुलाखत. तारीख मिळायला महिनोन् महिने लागू शकतात, म्हणून नोंदणी झाली की त्याच आठवड्यात अर्ज भरा
- आयोजकांचं नोंदणीपत्र आणि क्रूच्या प्रत्येकाचं नाव असलेलं पत्र
- आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, सोबत मूळ परवाना. याची मुदत एक वर्षाची, म्हणून फार आधी काढू नका
- प्रवास आणि आरोग्य विमा
- गाड्यांचे करार, सर्व चालकांची नावं त्यांत घातलेली
- सायकलींची बिलं आणि क्रमांक, विमानतळावर विचारलं तर दाखवायला

विम्याचे बारीक अक्षरांतले नियम वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत शर्यत आणि साहसी खेळ वगळलेले असतात. आमची पहिली पॉलिसी तशीच निघाली आणि ती बदलून घ्यावी लागली. अमेरिकेतल्या रुग्णालयाचं बिल संघाला कायमचं कर्जात बुडवू शकतं.

गाडी एका किनाऱ्यावर घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर सोडायची, तर भाड्याबरोबर वेगळी रक्कम लागते. ती धरूनच अंदाजपत्रक करा.

५. सराव: पायांचा कमी, रिलेचा जास्त

तुमच्याकडे वर्ष असेल तर बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड्स, कराच. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या या राइड्समुळे रात्री चालवायची सवय होते. पण त्या एकट्याच्या असतात. रिलेमध्ये शरीराला वेगळंच सोसावं लागतं: अर्धा तास जीव तोडून चालवायचं, अर्धा तास गाडीत बसायचं, पाय आखडायचे आणि परत उतरायचं. हे सहा तास.

म्हणून पुणे ते गोवा ही सुमारे ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर शर्यत रिले गटातून करा. आमच्यासाठी ती रंगीत तालीम ठरली. कोल्हापूरच्या पुढे रात्री आमच्या दोन गाड्या एकमेकींना शोधत बसल्या आणि एक रायडर पाणी नसताना पाऊण तास चालवत राहिला. तिथेच आम्ही ठरवलं, रायडरच्या खिशात फोन आणि एक बाटली जास्तीची, कायम.

मे महिन्यात भर दुपारी कसारा घाट चढून बघा. वाळवंटाची ती सर्वांत जवळची तयारी.

६. पाळ्यांचं गणित

चौघांत ४,८०० किलोमीटर म्हणजे प्रत्येकी १,२००. दिवसाला साधारण १३३. ऐकायला सोपं वाटतं, मोडतं ते झोपेमुळे.

आम्ही सहा-सहा तासांच्या पाळ्या केल्या. एक जोडी रस्त्यावर, दुसरी आरव्हीत. रस्त्यावरची जोडी आपसांत अर्ध्या-अर्ध्या तासाने बदलते. घाटात हाच तुकडा दहा मिनिटांवर आणायचा, कॅन्सासच्या सपाटीवर चाळीस मिनिटांपर्यंत ताणायचा.

पहिले दोन दिवस आम्ही केलेली चूक सांगते. पाळी संपलेल्या जोडीला आरव्हीत झोपवायचो आणि आरव्ही सावकाश पुढे न्यायचो. चालत्या आरव्हीत कुणालाही झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी क्रम बदलला. पाळी संपली की आधी आरव्ही थेट पुढच्या ठिकाणी न्यायची. दीडशे किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास. त्या वेळात रायडरांनी पट्टा बांधून बसायचं, जेवायचं, कपडे बदलायचे. मग गाडी उभी करून, इंजिन बंद, पडदे ओढून अडीच ते तीन तासांची सलग झोप. दिवसाला अशा दोन झोपा मिळाल्या आणि चौघांचे चेहरे बदलले.

क्रूच्या झोपेचा तक्ता रायडरांच्या तक्त्याइतकाच काटेकोर ठेवा. सहाव्या रात्री मिसुरीत आमचा एक चालक डोळे उघडे ठेवून दोन सेकंद झोपला. शेजारच्या मुलीने हाक मारली म्हणून निभावलं. पुढे रायडर होता. त्यानंतर मी नियम केला: चालकाने ‘मला झोप येते आहे’ म्हटलं की गाडी तिथेच थांबणार, शर्यत थांबली तरी चालेल, आणि त्याला कुणी एक शब्दही विचारणार नाही.

७. एक्स्चेंज

रिलेत बॅटन नसते. येणाऱ्या रायडरचं पुढचं चाक जाणाऱ्याच्या मागच्या चाकाच्या बरोबरीत आलं की अदलाबदल झाली. दिवसा फॉलो कार दहा-बारा किलोमीटर पुढे जाते, दुसऱ्या रायडरला उतरवते, आणि तो सायकलवर तयार राहतो.

रात्री हे चालत नाही. संध्याकाळी सात ते सकाळी सात रायडर फॉलो कारच्या उजेडातच हवा, गाडी त्याला सोडून पुढे जाऊ शकत नाही. मग दोघांनी थांबूनच बदलायचं. आम्ही रात्रीची प्रत्येक अदलाबदल रस्त्याच्या कडेला, पूर्ण थांबून केली. त्याचा क्रम पाठ करून घ्या:

१. नॅव्हिगेटर (गाडीत रस्ता सांगणारा) पाच मिनिटं आधी जागा ठरवतो. वळण, चढाचा माथा आणि पूल टाळायचे.
२. गाडी पूर्ण कडेला, पिवळे दिवे चालू.
३. उतरणारा कायम रहदारीपासून लांबच्या, म्हणजे उजव्या दारातून उतरतो.
४. चाकं जुळली की मोठ्याने ‘झालं’ म्हणायचं. त्याआधी निघायचं नाही.
५. आलेल्याची सायकल रॅकवर चढवून दुसऱ्याने ओढून बघायची.

एका अदलाबदलीत एक मिनिट वाया गेलं तर? दिवसाला सुमारे अठ्ठेचाळीस अदलाबदली, नऊ दिवस. सात तासांहून जास्त होतात. पाय कितीही मजबूत असोत, हे सात तास भरून निघत नाहीत. आम्ही त्र्यंबक रस्त्यावर रविवारी सकाळी फक्त एक्स्चेंजचा सराव करायचो, चाळीस-चाळीस वेळा.

८. दंड कशाचा लागतो

नियम मोडला की वेळेचा दंड. आपल्या लोकांना नडतात त्या सवयीच्या गोष्टी.

‘स्टॉप’ची पाटी दिसली की सायकलनेही पूर्ण थांबायचं. कॅन्सासमध्ये चारही बाजूंना क्षितिजापर्यंत गहू, एक माणूस नाही, एक गाडी नाही, तरी थांबायचं. आमचा दंड तिथलाच. फॉलो कारच्या मागे गाड्यांची रांग साचली तर बाजूला घेऊन वाट द्यायची. रस्त्याच्या कडेला लघवीला उभं राहिलं तर दंड आहेच, शिवाय तिथल्या लोकांना त्याचं फार वाईट वाटतं. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असतं, ते गाठायचं. सायकलच्या चाकांवर, फ्रेमवर आणि हेल्मेटवर परावर्तक पट्ट्या नसतील तर सुरुवातीच्या तपासणीतच अडवतात.

९. घड्याळ, मैल आणि पंप

शर्यतीचं घड्याळ पूर्वेकडच्या वेळेवर चालतं, तुम्ही मात्र चार वेगवेगळ्या स्थानिक वेळांतून जाता. त्यात अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण त्याच राज्यातला नवाहो भाग करतो. ट्यूबा सिटीला पहाटे पाचची पाळी ठरवली होती. आरव्ही नवाहो भागात शिरली, फोनचं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं, आणि आम्ही दमलेल्या जोडीला एक तास आधी उठवलं. प्रत्येक गाडीत डॅशबोर्डवर एक साधं घड्याळ पूर्वेकडच्या वेळेला लावून चिकटवा आणि सगळे निरोप त्याच वेळेत द्या.

मार्गपुस्तिका मैलांत असते. सायकलचे आणि गाडीचे मीटर मैलांवर ठेवा, मनात गुणाकार करत बसू नका. मॉन्युमेंट व्हॅलीच्या आसपास आणि पूर्व कोलोरॅडोत फोनला रेंज मिळत नाही, तेव्हा नकाशे आधीच उतरवून घ्या आणि वॉकीटॉकी बाळगा.

पंपावर कार्ड घातलं की यंत्र पिनकोड मागतं आणि आपली कार्डं नाकारतं. आत काउंटरवर जाऊन पैसे भरा. तिथे हिरव्या मुठीचा पाइप बहुधा डिझेलचा असतो, भरण्याआधी वाचा.

१०. वाटेत काय वाट्याला येतं

ओशनसाइडहून चढून गेलं की ‘ग्लास एलिव्हेटर’ नावाचा उतार थेट बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात उतरवतो. जूनमध्ये तिथे ४० अंशांच्या वर जातं. बर्फाचे तुकडे पायमोज्यात भरून मानेवर टाका, आणि एकेकाचा चालवायचा तुकडा वीस मिनिटांवर आणा. दोन दिवसांनी कोलोरॅडोत वुल्फ क्रीक खिंड, सुमारे ३,३०० मीटर, मार्गातला सर्वांत उंच बिंदू. तिथे रात्री हातमोजे आणि गरम जाकीट लागतं. म्हणून थंडीचे कपडे आरव्हीच्या तळाशी नाही, फॉलो कारमध्ये हवेत. कॅन्सासमध्ये आडवा वारा. मिसिसिपी ओलांडली की वाटतं संपलं, पण वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधले छोटे, खडे चढ दमलेल्या पायांना सर्वांत जास्त छळतात. ताकदीचा रायडर तिथे राखून ठेवा.

११. पोट आणि कातडी

पहिल्या दिवशी सगळ्यांनी एनर्जी जेल आणि बार खाल्ले. तिसऱ्या दिवशी कुणालाही गोड बघवेना. मग मऊ खिचडी, मेतकूट-भात, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, शेंगदाण्याची चिक्की यांवर उरलेली शर्यत झाली. तांदूळ-डाळ लॉस एंजेलिसजवळच्या आर्टेशियात सहज मिळते. मेतकूट आणि मसाले घरून न्या, पण विमानतळावर कस्टम्सला खाद्यपदार्थ असल्याचं न चुकता सांगा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. ओआरएसची पुडी पुऱ्या एक लिटर पाण्यात, आणि नुसतं पाणी ढोसणं टाळा. रक्तातलं मीठ उतरलं की माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागतो.

सॅडलवर बसून कातडी सोलते. प्रत्येक पाळीला धुतलेली शॉर्ट्स, पाळी संपली की लगेच धुणं आणि कोरडं करणं. माणशी सहा शॉर्ट्स तरी न्या. दुखतंय हे लपवणाऱ्या रायडरला फिजिओने रोज विचारायचं.

मार्गाजवळच्या शहरांतल्या मराठी मंडळांना दोन महिने आधी कळवा. इंडियानात एका कुटुंबाने पहाटे तीन वाजता रस्त्यावर उभं राहून आम्हाला पोळी-भाजीचे डबे दिले. चौघं रायडर तेव्हा बोलेनासे झाले होते. त्या डब्यांनंतर बोलायला लागले.

१२. परत आल्यावर

दोन आठवड्यांत तीन गोष्टी पुऱ्या करा. संस्थेकडून सगळ्या पावत्या गेल्या का, याची यादी देणगीदारांच्या नावांशी ताडून बघा. आमच्या यादीत एकोणीस नावं सुटली होती. मोहिमेच्या खर्चाचा ताळेबंद प्रायोजकांना द्या. आणि जमलेली देणगी, तिच्यातून संस्था काय घेणार, कधी घेणार, एवढं एका पानावर लिहून सर्वांना पाठवा, पन्नास रुपये देणाऱ्या शाळकरी मुलालाही. सहा महिन्यांनी रायडरांना घेऊन पाड्यावर परत जा, खरेदी झालेल्या वस्तू स्वतः बघा आणि त्याच यादीवर दुसरं पान पाठवा.